उरलेलं समजून घेतात

‘डू यू लाइक रीडिंग?’ अनुजाने विचारलं.

‘येस, आय लाइक रीडिंग व्हेरी मच,’ वरद म्हणाला आणि त्याने कपाळ पुसलं.

‘इतकं लांब कशाला? येस, आय डू. बस्स. उरलेलं समोरचा समजून घेतो.’

‘म्हणजे आपल्यासारखंच की. जेवलास? हो. झालं!’

‘तेच तर. जितकं कमी बोलाल, तितकं कमी चुकाल.’

परळच्या खोलीत आठ दिवस हेच चाललं होतं. प्रभादेवीच्या एका शाळेत ज्युनिअर केजीची शेवटची जागा उरली होती. आईवडील दोघांनी यायचं, मुलाखत इंग्रजीत. शेजारच्या अक्षताचा नवरा बोटीवर, म्हणून ती एकटीच गेली, तर तिला दारातूनच परत पाठवलं. अनुजा बी.कॉम.; तिला इंग्रजी जड नव्हतं. वरद लालबागला मराठी शाळेत शिकलेला. घाम त्याला फुटायचा.

शनिवारी अनुजाने निळा शर्ट काढला. गणपतीनंतर ते कपाट पहिल्यांदाच उघडलं होतं. इस्त्री करूनही डांबरगोळ्यांचा वास गेला नाही. बाह्या वरदला लांब होत होत्या, त्या तिने दुमडल्या. हल्ली तिचे हात आपापलं काम उरकायचे. ती नुसती बघत असायची.

‘माझ्यामुळे मनूची जागा गेली तर?’

‘नाही जायची.’

खरी धास्ती तिला मनूचीच होती. चार वर्षांची पोर, कुठे काय बोलून बसेल नेम नाही. पण पोचल्या पोचल्या एका टीचरने मनूला खेळायच्या खोलीत नेलं. अनुजाला हायसं वाटायला हवं होतं. तेवढंही वाटलं नाही.

मुख्याध्यापिकांनी वरदकडे चष्म्यावरून पाहिलं. ‘फादर?’

‘येस,’ अनुजा म्हणाली.

‘डू यू रीड टू हर?’

‘येस, आय डू.’

‘एव्हरी डे?’

‘आय ट्राय टू,’ वरद म्हणाला. हे अनुजाने शिकवलेलं नव्हतं.

बाई हसल्या. फॉर्म पुढे ओढून त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि चक्क मराठीत म्हणाल्या, ‘सोमवारपासून पाठवा मनूला.’

आठ दिवसांचं इंग्रजी वरदच्या खांद्यावरून एकदम उतरलं. त्याने उठून दार उघडलं, तो बाजूला झाला आणि रोजच्या मोकळेपणाने म्हणाला,

‘चल गं, वहिनी.’