शेजाऱ्याचं पत्र

आमच्या न्यू जर्सीतल्या घराशेजारचं ढवळीकर जोडपं नागपूरच्या एका संस्थेतली मुलगी दत्तक घेतंय. पोलिसांचा दाखला झाला, रक्त तपासून झालं, जिन्याच्या गजांमधलं अंतरसुद्धा कुणीतरी पट्टीने मोजून गेलं. उरलं शेजाऱ्याचं शिफारसपत्र, म्हणून त्याचा छापील फॉर्म घेऊन दोघं माझ्याकडे आले.

“झेपेल ना पण? मूल वाढवणं म्हणजे खायचं काम नाही,” दोन मुलांच्या बापाला शोभेल अशा जरबेने मी म्हणालो.

“तिला अंधाराची भीती वाटते, म्हणून खोलीत छोटा दिवा बसवलाय. आणि वांगं आवडत नाही,” ढवळीकर म्हणाले.

मी फॉर्म पुढे ओढला. पहिलाच प्रश्न होता, तुमची मुलं कितवीत आहेत?

“अगं, आपला धाकटा कितवीत आहे?” मी स्वयंपाकघराकडे बघून ओरडलो.

आतून उत्तर यायच्या आधीच ढवळीकरबाई हळूच म्हणाल्या, “पाचवीत.”