भरभक्कम डबा

खट्.

मुलीच्या पेन्सिलीची खरखरही थांबलेली होती, घर इतकं शांत होतं. त्यामुळे तो आवाज आईला टपली बसावी तसा लागला. कॉम्प्युटरचा पडदा काळा. डब्यातला पंखा दोन गिरक्या घेऊन गप्प झाला. लग्नाच्या फिल्ममधली नवरी गाडीत बसता बसता मागे वळून बघत होती, आणि तिथेच सगळं विझलं. सकाळपासून हेच. नवरी तेवढी मान वळवायची आणि अंधार व्हायचा.

"आई, मी काही नाही केलं," टेबलाखालून मुलगी म्हणाली.

"माहितीये गं सोन्या. तू तर किती शहाण्यासारखी बसलीस."

फोन तिनं पालथा घातला होता. तिला काम देणारा स्टुडिओवाला सकाळीच सांगून मोकळा झाला होता. "ताई, फिल्मची कापाकापी तुमच्यासारखी कुणाला जमत नाही. पण आज संध्याकाळी फिल्म हातात आली नाही, तर पुढच्या लग्नांचं मी दुसरीकडे बघतो. राग मानू नका."

तिनं वायर उपटली. कॉम्प्युटरचा डबा ओढून फरशीवर आडवा केला आणि शिवणयंत्राच्या खणातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.

डबा ओढल्याचा आवाज ऐकून थोरले दीर आतल्या खोलीतून बाहेर आले. हातात दाढीचा ब्रश, अर्ध्या गालावर फेस.

"अगं, अगं! काय करतेस? ते सील आहे. फाटलं की गॅरंटी गेली."

"गॅरंटीवाल्याकडे दोनदा नेला, भाऊजी. दोन्ही वेळा म्हणाला, तुमच्या घरातली वीजच खराब."

"मग असेल. मिक्सर नाही का जळला मागे?"

"मिक्सरमध्ये तुमच्या भावानं चमचा ठेवला होता."

मुलगी टेबलाखाली खुदकन हसली. दीर हसले नाहीत.

"हा कंपनीचा तयार माल आहे. तू म्हणत होतीस तसे सुटे भाग गोळा करून जोडून घेतला असता, तर एव्हाना भंगारात गेला असता. दुकानात दोन्ही डबे मी उचलून बघितले होते की नाही? तुझा तो जोडलेला, नुसता पोकळ. आणि हा बघ. भरभक्कम! चार व्हिडिओ बघून माल कळत नाही गं, हाताला कळावा लागतो."

तिचा हात क्षणभर थांबला.

किंमत दोन्हींची सारखीच होती. पैसे तिचे, दुसऱ्यांच्या लग्नांत नवरीमुली सजवून साठवलेले. कुठला भाग चांगला घ्यायचा, कुठल्यात काटकसर चालेल, हे तिनं मुलीच्या दुपारच्या झोपेच्या वेळी, एका हातानं तिला थोपटत, ठरवलं होतं. पण दुकानदारानं तिच्या डोक्यावरून बघत विचारलं होतं, "साहेब, वापरणार कोण?" आणि भाऊजींनी सांगून टाकलं होतं, "हीच. घरात बसून, आपलं वेळ जायला." नवरा शेजारीच उभा होता. छताचा पंखा बघत.

वेळ जायला!

तिनं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक सीलखाली घातलं. चर्रकन ते फाटलं.

"झालं समाधान?" दीर म्हणाले. "आता कुणाकडे जाणारेस?"

तिनं मागचे स्क्रू काढले. बाजूचा पत्रा सरकवला. आत एवढं मोठं रिकामं घर आणि कोपऱ्यात चिमूटभर सामान. मुलगी रांगत बाहेर आली, आईच्या मांडीला रेलली.

"हे काय करतं?"

"हा वारा घालतो. डोकं तापलं की."

"आणि ही पट्टी?"

"ही लक्षात ठेवते. पण बंद केलं, की सगळं विसरते."

"बाबांसारखी."

"अगदी." तिनं मुलीच्या केसांतून बोटं फिरवली. "आणि ही छोटी डबी आहे ना, ती वीज आत घेते आणि सगळ्यांना जेवायला वाढते."

"एवढीशी? पुरतं सगळ्यांना?"

"नाही ना पुरत. काम वाढलं, की सगळेच उपाशी. मग बसतात डोळे मिटून." तिनं मान वर केली. "मी दुकानात नेमकं हेच विचारत होते, भाऊजी. तुम्ही म्हणालात, चल, गाडी लावलीय रस्त्यात."

दिरांच्या गालावरचा फेस सुकायला लागला होता.

तळाशी आणखी एक पत्रा होता, काळा, चारी कोपऱ्यांना स्क्रू मारलेला. त्याच्याखाली काय असावं, तिला सुचेना. तिनं ते स्क्रू काढले. पत्रा उचलला. आत एक लोखंडी लादी होती. जाड, कडेनं गंजलेली, चिकटपट्टीनं बसवलेली. तिच्यात एकही वायर जात नव्हती, एकही बाहेर येत नव्हती. खालीवर हात फिरवून तिनं पुन्हा बघितलं. मग ओढून काढली आणि फरशीवर ठेवली. धप्प.

उरलेला डबा तिनं एका हातानं उचलला. मोकळ्या पातेल्यासारखा वर आला. तो तिनं तसाच दिरांपुढे धरला.

"घ्या. हाताला कळतंय का बघा."

त्यांनी हात पुढे केला नाही. ब्रश या हातातून त्या हातात घेतला.

"कंपनीनं बसवलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच बसवलं असेल," ते म्हणाले. "त्याशिवाय का कुणी बसवेल?"

तिनं डबा खाली ठेवला. टेबलावरचा पालथा फोन थरथरायला लागला.

मुलीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती लादीपुढे उकिडवी बसली होती. दोन्ही हातांनी तिनं ती उचलायला बघितली. जेमतेम एक कड वर आली. मग तिनं एकेका भागावर बोट ठेवलं आणि आईनं शिकवलेलं घोकलं.

"हा वारा घालतो. ही लक्षात ठेवते. ही जेवायला वाढते." बोट लादीवर येऊन थांबलं. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग काकांकडे, मग पुन्हा आईकडे.

"आणि हे गं, आई? हे काय करतं?"