कुणाच्या घरची सून
नोझिबेलेच्या सासऱ्यांचं नाव वुलिसांगो, म्हणजे ‘फाटक उघड’. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांमध्ये सुनेने सासऱ्यांच्या नावातला शब्द तोंडातून काढायचा नसतो, ते वारले तरी. म्हणून प्रोग्रॅममधले चुकांचे संदेश खोसा भाषेत आणताना तिने ‘फाईल उघडत नाही’ न लिहिता सुनांच्या आडवळणी बोलीत ‘फाईल वाट देत नाही’ लिहिलं होतं. “लोक विचारतात, हा प्रोग्रॅम कुणाच्या घरची सून?” टीमप्रमुख मखुसेली हसला. “अगं बाई, म्हातारबुवा कधीच गेले. आता सरळ लिही की!” तिने धीर करून ‘उघड’ हा शब्द लिहिला, प्रोग्रॅम पुन्हा कंपाईल केला आणि संदेश दिसावा म्हणून नसलेल्या फाईलचं नाव दिलं. संदेश आलाच नाही. नसलेली फाईल अलगद उघडली. मखुसेलीचं हसू विरलं. नोझिबेलेने गळ्यातला रुमाल डोक्यावर ओढून घेतला, सासरे फाटकातून आत आले की घ्यायची तसा.