दुसऱ्या मजल्यावरची खिडकी

"इथून डावीकडे," तो म्हणाला आणि उजवीकडे वळला.

बायको मागे चालत राहिली. सकाळपासून त्याच पेट्रोलपंपासमोर ते पुन्हा पुन्हा येत होते. पंपावरचा माणूस आता ओळखीचं हसायला लागला होता.

"सगळं बदललंय गं," कपाळ पुसत तो म्हणाला. "माझ्या वेळी हे असं नव्हतं."

"बदलणारच. शहर काय तुमच्यासाठी थांबून राहणार होतं?"

ती चेष्टेनेच म्हणाली, पण तो घाईने पुढच्या वळणाकडे निघाला.

याच शहरात त्याने सात वर्षं काढली होती. एका बड्या साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर आहे, दुसऱ्या मजल्यावर हवेशीर खोली आहे, असं घरी सांगितलं होतं. रविवारी फोन करायचा, तोही घाईघाईने, पण तेवढ्या वेळात बायकोला एखादी जागा फिरवून आणायचा. कधी तळं, कधी घंटाघर, कधी पुलावरचे दिवे. साहेब नव्हताच आणि गाडीही नव्हती. वर्णनं मात्र अस्सल होती. खोलीतला सोबती जुना टॅक्सीवाला होता. झोपण्याआधी तो डोळे मिटून एकेक रस्ता सांगायचा आणि हा ते सगळं पाठ करायचा.

घरी परतल्यावर त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. डोळे अधू झाले म्हणाला. ती थाप पचली आणि पुढची वर्षं सुखाची गेली. आता लेकीने हौसेने तिकिटं काढली. "बाबा, आईला तुमचं शहर दाखवून आणा." नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

घंटाघर समोर दिसत होतं, पण तिथे पोचता येईना. टॅक्सीवाल्याच्या हिशोबाने उड्डाणपुलाला वळसा घालायचा होता. त्याने तिला भर रहदारीच्या कडेने तसंच चालवलं. माणसाला एकेरी वाहतुकीचे नियम लागू नसतात, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"या जिन्याने उतरू या का?" तिने विचारलं. रस्त्याखालचं भुयार होतं. पलीकडे वर आले ते थेट घंटाघराच्या पायथ्याशी.

"तुला कसं कळलं?"

"माणसं जात होती, त्यांच्या मागे गेले."

संग्रहालयाच्या काचेच्या दाराशी तो थबकला. नुसताच उभा राहिला. तिने दार ढकललं आणि धरून ठेवलं.

"साहेबांच्या मागून चालायची सवय," तो पुटपुटला.

"असं? मला वाटलं, ड्रायव्हर साहेबांना दार उघडून देतो."

त्याने हसून वेळ मारून नेली. आतल्या मूर्ती बघताना मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. हिला संशय आला असेल का? उतारवयात बायकोच्या नजरेतून उतरायची वेळ आली, तर घरी परत कोणत्या तोंडाने जायचं?

तळं बुजवून तिथे वाहनतळ केला होता. दोघं कडेच्या बाकावर बसले. ऊन मी म्हणत होतं.

"पदर घे डोक्यावर. ऊन लागेल."

"मला सवय आहे या उन्हाची."

त्याला लेकीची थट्टा आठवली. तो शहरात असताना दर उन्हाळ्यात आई आठवडाभर मावशीकडे जायची आणि काळवंडून परत यायची. मावशी हिला गच्चीवर वाळत घालते की काय, असं लेक फोनवर म्हणायची. त्याला हसू आलं आणि जरा बरं वाटलं.

तेवढ्यात ती म्हणाली, "आता तुमची खोली दाखवा."

"त्यात काय बघायचंय! साधी खोली ती."

"बाकीचं सगळं आयुष्यभर ऐकलंय. मला खोलीच बघायची आहे."

तो उठला. पाय नेतील तिकडे चालत सुटला. ती मागून येत होती, धाप लागली तरी थांबा म्हणत नव्हती. अखेर एका गल्लीत बऱ्यापैकी रंग दिलेली चाळीसारखी इमारत दिसली आणि त्याने देवाचं नाव घेऊन बोट वर केलं.

"ती बघ. दुसरा मजला. निळा टॉवेल वाळत घातलाय ना, ती."

ती बराच वेळ मान वर करून बघत राहिली.

"वारा यायचा?"

"भरपूर."

"आणि घंटाघराचे ठोके? ऐकत पडतो म्हणायचात."

"यायचे की. अगदी उशाशी वाजल्यासारखे."

तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं. "पाच वाजले," ती म्हणाली.

दोघं कान देऊन उभे राहिले. रहदारीच्या घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही.

"वारा पडलाय आज," तो म्हणाला.

तिने त्याचा हात धरला. माणसांत तिने असा हात कधी धरला नव्हता.

"चला. कोपऱ्यावरून बस मिळते. जिथे उतरायचं, तिथे ठोके स्पष्ट ऐकू येतात."

"कुठे?"

"तुरुंगाच्या स्टॉपवर," ती म्हणाली. "दर उन्हाळ्यात तिथे बसून त्या भिंतीवरच्या खिडक्या बघत राहायचे मी. तुमची कुठली, तेवढं आज दाखवा."