सात उत्तरं

आपल्या पोटच्या पोरीने आपल्यालाच ‘मॅडम’ म्हणावं, हे काही मार्लिसच्या घशाखाली उतरेना.

“अगं, जेवतेस ना नीट?”

“हो, मॅडम.”

“मग अशी खारकेसारखी का झालीस?”

“सबब नाही, मॅडम.”

हवाई दलाच्या अकादमीत पहिल्या वर्षाच्या पोरांना सातच उत्तरं, तीही शेवटी ‘सर’ नाहीतर ‘मॅडम’ लावून. हो, नाही, सबब नाही, समजलं नाही, माहीत नाही, एक विचारू का, एक सांगू का. आज पालक भेटायला आलेले, त्यामुळे मोकळं बोलायची मुभा होती. पण जनेलच्या जिभेला आता वळणच तसं पडलं होतं. ‘आई, मला घेऊन जा,’ एवढ्या एका ओळीचं पत्र तिने धाडलं होतं. हातातली कामं टाकून मार्लिस नेब्रास्काहून आली होती, गाडीत रिकामी सूटकेस टाकून.

चौकातल्या फरशीत संगमरवराच्या पट्ट्या होत्या. पहिल्या वर्षाने पळायचं ते त्यांच्यावरूनच, आणि वळायचं ते काटकोनात. जनेल तशीच पळत चॅपेलच्या दारात पोचली. मार्लिस चौकाच्या मधून धापा टाकत आली.

“सतरा विमानं शेपटीवर उभी केलीत, आणि म्हणे देवाचं घर!” चॅपेलची सतरा टोकदार शिखरं बघून ती फणकारली.

आत पाऊल टाकलं आणि तिची मान आपोआप वर गेली. दोन्हीकडच्या भिंती जोडलेल्या हातांसारख्या वर जाऊन मिळाल्या होत्या, आणि त्यांच्या फटींतल्या काचांतून निळा, जांभळा, लाल उजेड खाली येत होता. माणसाच्या हातून असंही काही घडतं तर, तिला वाटलं.

“आई,” बाकावर टेकत जनेल म्हणाली, “इथे कुणी ओरडत नाही गं.”

आणि आईच्या खांद्यावर डोकं टाकून ती झोपूनच गेली.

मार्लिसच्या खांद्याला रग लागली, तरी ती हलली नाही. पोरीच्या हातावरचा निळा उजेड सरकत सरकत लाल झाला.

जाग आली तशी जनेल ताडकन उभी राहिली.

“चलतेस ना घरी? सूटकेस आणलीय.”

जनेल बराच वेळ वर छताकडे बघत राहिली. मग तिने टाचा जुळवल्या.

“नाही, मॅडम.”

“आणि ते पत्र गं?”

“सबब नाही, मॅडम.” या वेळी ती हसत होती.

बाहेर पडताच ती पट्टीवरून पळत सुटली, काटकोनात वळली आणि दिसेनाशी झाली. मार्लिसचे डोळे भरून आले. तीही पट्टीवर चढली आणि कोपऱ्यावर तिने नीट काटकोन केला.

वरच्या वर्गातली एक उंच मुलगी लगबगीने पुढे आली. “तुम्ही मधून चाला हो, बाई. ही पट्टी पहिल्या वर्षाची.”

मार्लिसने टाचा जुळवल्या.

“एक सांगू का, मॅडम?”

“अं... सांगा ना.”

“आत्ता पळत गेली ना, ती माझी मुलगी.”