लोकांकडे तोंड करून

पाद्रीनं भिंतीलगतच्या वेदीकडे तोंड करून मिस्सेची प्रार्थना म्हणायची, अशी जुनी रीत होती. देवाच्या कामात लोकांकडे पाठ कशाला, असं फादर ओत्मार अकरा वर्षं सांगत होते. अखेर बिशपसाहेबांनी एका रविवारची परवानगी दिली. गावाला रुचलं तर पुढचं बघू, म्हणाले. त्या रविवारी मोराव्हियातल्या आपल्या छोट्या चर्चमध्ये वेदीपुढे लाकडी टेबल मांडून फादरांनी पहिल्यांदाच लोकांकडे तोंड करून मिस्सा म्हटली.

जेवायला बसताच त्यांनी स्वयंपाकीण रोझालीबाईंना विचारलं, "काय म्हणतंय गाव?"

"परत वळा म्हणतंय."

"अहो, पण आता सगळं दिसतं ना!"

"तेच तर." बाईंनी सूप वाढलं. "भाकर उंचावताना तुमचे खांदे थरथरायचे. आम्हाला वाटायचं, फादर रडतायत. मग आम्हीही रडून घ्यायचो. माझा मुलगा गेला, ते वर्ष मी त्या खांद्यांवर काढलं."

"आणि आज?"

"आज चेहरा दिसला, फादर. पोस्टात शिक्के मारणाऱ्याचा असतो ना, तसा."

खांद्यांना संधिवात आहे, हे फादरांना ठाऊक होतं. चेहऱ्याचं आजच कळलं.

संध्याकाळी त्यांनी बिशपसाहेबांना पत्र लिहिलं: गाव अजून तयार नाही.