डाव्या स्पीकरजवळची खुर्ची

मामांनी पियानोच्या सगळ्या जुन्या रेकॉर्ड्स भाचीला देऊन टाकल्या. ती रिकामी खोकी घेऊन न्यायला आली, तेव्हा मामा म्हणाले, "कसल्या रेकॉर्ड्स?" आणि कपाटासमोर आडवे उभे राहिले.

हट्टीपणात भाची मामांवरच गेली होती. तिने एक खोकं डाव्या स्पीकरजवळच्या खुर्चीवर आपटलं.

"तिथे नको ठेवूस."

"राहू दे हो! आणि मामा, एकच मैफल दोनदा कशाला? एक मोनो, एक स्टिरिओ. त्यातली एक तरी सोडा!"

मामांनी मोनोवर सुई टेकवली. भरल्या सभागृहात वाजणारा पियानो हळूहळू विरत गेला आणि नेमक्या त्या शांततेत कुणीतरी खणखणीत खोकलं.

"कोण हा शहाणा?"

"तुझी मामी. जन्मभर अखंड बोलली, पण रेकॉर्ड एवढंच झालं." मामांनी स्टिरिओ लावली. "मोनोत ती नुसतीच खोकते. हिच्यात माझ्या डाव्या हाताला बसून खोकते."

भाचीने खुर्चीवरचं खोकं गुपचूप उचललं.

"रेकॉर्ड कंपनी आता हीच मैफल नव्याने काढतेय," मामा म्हणाले, "जादाचे आवाज पुसून, एकदम स्वच्छ. त्यांना पत्र तू लिही, तुझं अक्षर बरं आहे."

भाचीने लिहून घेतलं: "महोदय, सदर मैफलीतील खोकला आहे तसाच ठेवावा, ही नम्र विनंती. काही काढणे अगदीच आवश्यक असल्यास कृपया पियानो काढावा."